सांध्याची बखर आणि सांध्याचे दफ्तर

(थ्रेड. विषय शस्त्रक्रियेचा असला तरी प्रश्न इतिहासाच्या साधनांचा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.)

खुब्याचा कृत्रिम सांधा कोणी दिला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. सर जॉन चार्नली, इंग्लंड, १९६२. उत्तर चूक नाही. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया म्हटले, आणि त्या गौरवाचा मोठा वाटा चार्नलींकडे जातो हेही योग्यच. माझी तक्रार निराळी आहे. ही कथा आपण बखरीसारखी सांगतो. एक पराक्रमी पुरुष, एक दिव्य कल्पना, एक विजय. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की बखर बाजूला ठेवा आणि त्या काळची अस्सल पत्रे पाहा. खुब्याच्या सांध्याच्या बाबतीत तसे केले तर कथेचा नायक बदलत नाही, पण त्याचा पराक्रम कोणता होता याविषयीचे आपले मत बदलते. निदान माझे बदलले.

आधी सांधा समजून घेऊ. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. दोन्ही पृष्ठभागांवर कूर्चेचे अस्तर असते, आणि त्यांच्यातील घर्षण बर्फावर बर्फ घासावा त्याहूनही कमी. हे अस्तर झिजले, क्षयाने खाल्ले, संधिवाताने नासले किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळाच ढासळला की प्रत्येक पाऊल यातनेचे होते. मग सर्जनपुढे प्रश्न उभा राहतो. या दोन पृष्ठभागांमध्ये घालायचे काय?

उत्तरांची यादी वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवले. रुग्ण बहुतांशी क्षयाचे होते, जंतुसंसर्गाने प्रयोग बुडाला. बॉस्टनमध्ये मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये गोळ्यावर काचेची टोपी बसवली. एका रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या काचेच्या तुकड्याभोवती शरीराने गुळगुळीत आवरण तयार केलेले त्यांनी पाहिले होते, त्यावरून ही कल्पना सुचली. काच शरीराचा भार सोसेना, फुटू लागली. मग सेल्युलॉइड, पायरेक्स, बेकेलाइट असे करत १९३८ मध्ये ते व्हायटॅलियम या मिश्रधातूपर्यंत आले, तेही दंतवैद्याच्या सल्ल्यावरून. आपल्या शेजारी ब्रह्मदेशातही १९६० पासून मंडालेच्या डॉ. सान बॉ यांनी मोडलेल्या गोळ्यांच्या जागी हस्तिदंती गोळे बसवले आणि १९६९ मध्ये लंडनमध्ये सर्जनांच्या परिषदेत आपले निकाल मांडले. ही कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

या यादीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते फिलिप वाइल्स यांचे नाव. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९३८ साली त्यांनी सहा रुग्णांमध्ये गोळा आणि वाटी असे दोन्ही भाग पोलादाचे बसवले. पूर्ण सांधा बदलण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणावा लागतो. पण त्या रुग्णांचे कागद महायुद्धात नष्ट झाले. सहा माणसे, सहा खुबे, आणि पुढे त्यांचे काय झाले याची विश्वसनीय नोंद नाही. शस्त्रक्रिया झाली, पण तिच्यापासून शिकण्याची वाट बंद झाली. बखरीत वाइल्स ‘पहिले’ ठरतात. दफ्तरात त्यांच्या नावासमोरचे पान कोरे आहे.

आता चार्नली. जन्म १९११, लँकेशायरमधील बरी या गावी. पॅरिसचे जुदे बंधू १९४६ पासून ॲक्रिलिकचा गोळा बसवत असत. असा गोळा बसवलेल्या एका रुग्णाचा खुबा हालचाल केली की कुरकुरत असे, इतका की त्याच्या पत्नीला त्याच खोलीत बसवेना. इतरांना हा किस्सा वाटला. चार्नलींना त्यात घर्षणाचा प्रश्न दिसला. कुरकुर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे आज ना उद्या गोळ्याची दांडी हाडात सैल होणार. मग त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. निसरडे द्रव्य, लहान गोळा आणि दंतवैद्यकातील ॲक्रिलिक सिमेंट. गोळा जितका लहान तितका घर्षणाचा पीळ कमी. त्यांच्या गोळ्याचा व्यास अखेर सव्वाबावीस मिलिमीटरच्या आसपास स्थिरावला. नैसर्गिक गोळा याच्या जवळजवळ दुप्पट असतो. सिमेंटमुळे भार हाडाच्या मोठ्या भागावर पसरतो. विगनजवळच्या राइटिंग्टन या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी हे काम उभे केले.

निसरडे द्रव्य म्हणून त्यांनी निवडले टेफ्लॉन.

येथे थोडे थांबू. १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये चार्नलींचा खुब्याच्या नव्या शस्त्रक्रियेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. या क्षेत्राचा पाया म्हणून तो आजही उद्धृत होतो. पण त्या निबंधातली वाटी टेफ्लॉनची होती. आणि टेफ्लॉन त्याच काळात सुमारे ३०० रुग्णांच्या शरीरात झिजत होते. सुरुवातीचे निकाल विलक्षण होते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे चालत घरी गेली. वर्ष-दोन वर्षांत लहान कठीण गोळा मऊ वाटीत रुतत गेला, झिजेच्या कणांभोवती शरीराने दाह निर्माण केला, हाड पोखरले गेले, आणि तीच माणसे वेदना घेऊन परत येऊ लागली. ज्या निबंधाने चार्नली प्रसिद्ध झाले, त्यातील शस्त्रक्रिया प्रत्यक्षात फसली होती. हे वाक्य मी चार्नलींना लहान करण्यासाठी लिहीत नाही. त्यांची थोरवी याच ठिकाणी सुरू होते असे माझे मत आहे.

कारण हे ३०० रुग्ण हरवले नाहीत. ते त्याच रुग्णालयात, त्याच सर्जनकडे परत येत होते, त्यांची झीज मोजली जात होती, काढलेल्या वाट्या जपल्या जात होत्या. झिजेच्या कणांनीच अनर्थ होतो का हे पाहण्यासाठी चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतले. सोबत दुसरे एक प्लास्टिक. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी हे छापलेही. आजच्या नैतिक समितीने या प्रयोगाला संमती दिली असती की नाही, हा वाद बाजूला ठेवू.

ते दुसरे प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन, आणि त्याची कथा तुम्ही बहुधा ऐकली असेल. मे १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनला आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांची दातेरी चाके ज्या प्लास्टिकची बनत, त्याचा नमुना त्याच्याजवळ होता. चार्नलींनी नखाने ओरखडा काढून पाहिला आणि नाद सोडला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा आपल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. चार्नली कोपनहेगनला गेले होते. परतले तेव्हा यंत्र तीन आठवडे फिरत होते, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे त्यापेक्षाही ते प्लास्टिक कमी झिजले होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते पहिल्या रुग्णाच्या खुब्यात बसले. गिरणगावाशी ज्यांच्या घराचे नाते आहे त्यांनी ही नोंद जरूर घ्यावी. मँचेस्टरच्या परिसरातील सूतमागाच्या चाकाचे द्रव्य आज जगभर माणसांच्या कमरेत फिरते आहे.

या कथेतील नाट्य सर्वांना आवडते. मला आवडते ते यंत्र. क्रेव्हन हे वैद्य नव्हते. साहेबांनी नको म्हटलेली वस्तू त्यांनी तपासली, कारण मोजण्याचे साधन तयार होते आणि मोजायला काही खर्च नव्हता. शतकातील शस्त्रक्रिया ज्या माणसाच्या चिकाटीवर उभी आहे त्याचे नाव बखरीत एका ओळीपुरते येते.

पुढचा भाग बखरीत मुळीच येत नाही. पॉलिएथिलीन हाती आल्यावर चार्नलींनी घाई केली नाही. आपल्याकडे शिकून गेलेल्या सर्जनांखेरीज इतरांना हा सांधा विकू नये, अशी व्यवस्था त्यांनी लीड्सच्या थॅकरे या उत्पादकाशी बरीच वर्षे चालू ठेवली. १९७२ मध्ये त्यांनी चार ते सात वर्षांच्या निकालांचा निबंध छापला. टेफ्लॉनच्या वेळी दोन वर्षांच्या आनंदाने फसवले होते, म्हणून आता वर्षे मोजायची. मृत्यूनंतर तुमचा सांधा तपासणीसाठी परत द्याल का, असे ते रुग्णांना विचारत आणि अनेक जण संमती लिहून देत. एखाद्या राज्याच्या इतिहासकाराला मूळ कागदाची जितकी ओढ असते तितकी ओढ त्यांना झिजलेल्या वाटीची होती. जंतुसंसर्गाच्या बाबतीतही तसेच. शस्त्रक्रियागृहात काचघरासारखा बंदिस्त कक्ष, गाळलेल्या हवेचा झोत, सर्जनच्या अंगावर उच्छ्वास शोषून घेणारा पोशाख. सहकाऱ्यांना हे सारे वेड वाटे. १९८२ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ८ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या चाचणीत अतिशुद्ध हवेने संसर्ग निम्म्यावर येतो असे दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्नली वारले.

आता वाटेविषयी, कारण आजच्या जाहिरातींत तीच गाजते. सांध्यापर्यंत पोहोचायला स्नायूंच्या थरांतून जावे लागते, आणि कोणत्या बाजूने जायचे यावर सर्जनांचे पंथ आहेत. चार्नली बाजूने जात, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा स्नायूंसकट कापून वर उचलत आणि शेवटी तारांनी पुन्हा बांधत. दृष्टी उत्तम मिळे, पण तारा तुटत, हाड कधी जुळत नसे. राइटिंग्टनचेच केव्हिन हार्डिंज यांनी १९८२ मध्ये हाड न कापता बाजूने जाण्याची वाट मांडली. तीत सांधा सहसा निखळत नाही, परंतु काही रुग्ण लंगडत राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेतील ऑस्टिन मूर यांनी मागची वाट लोकप्रिय केली. तिच्यात चालणे चांगले राहते, पूर्वी सांधा निखळण्याचे प्रमाण जास्त असे, मागचे आवरण आणि छोटे स्नायू नीट शिवू लागल्यापासून ते घटले.

आणि पुढची वाट. ‘स्नायू न कापता, अत्याधुनिक’ अशा शब्दांत तिची जाहिरात होते. अत्याधुनिक म्हणजे किती? जर्मनीच्या कार्ल ह्यूटर यांनी ती १८८१ च्या सुमारास वर्णिली, स्मिथ-पीटरसन यांनी १९१७ मध्ये मांडली, जुदे बंधूंनी १९४७ मध्ये तिच्यातूनच सांधे बसवले. गणपतराव जोशींच्या नाटकांच्या काळातली वाट आज नवा शोध म्हणून विकली जाते याचे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवल वाटू नये. तिचे गुण खरे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत दुखणे कमी, काठी लवकर सुटते. दोषही खरे आहेत. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाची चेतना जाऊ शकते, शिकाऊ हातात मांडीचे हाड तडकू शकते. आणि काही महिन्यांनंतर निरनिराळ्या वाटांनी गेलेल्या रुग्णांमधला फरक बहुतेक पुसला जातो. वाटेपेक्षा त्या वाटेने किती वेळा गेलेला सर्जन आहे हे अधिक महत्त्वाचे. मी रुग्ण असतो तर वाट विचारली नसती, मोजदाद विचारली असती.

परिणामांच्या मोजमापाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आपल्या घरची आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे ठरवायला जगभर वापरला जाणारा एक गुणांकक्रम बॉस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये मांडला. दुखते का, लंगडता का, किती अंतर चालता, जिना चढता का, मोजे-बूट घालता का, खुर्चीवर किती वेळ बसता, सार्वजनिक वाहनात चढता का. मांडी घालून पाटावर बसता का, उकिडवे बसता का, हा प्रश्न त्यात नाही. बॉस्टनच्या माणसाला तो कशाला पडेल? आपल्याकडे मात्र रुग्णाला घरी सोडताना सांगतात की मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, खाली बसूच नका. शंभरपैकी नव्वदच्या वर गुण मिळवणारी आजी पंगतीत बसू शकत नाही, पूजेला खुर्ची मागते आणि त्या खुर्चीची तिला लाज वाटते. शिवाय आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेले, दाहक संधिवाताने जखडलेले तरुण पाश्चात्त्य देशांच्या मानाने जास्त असतात. त्यांना तो सांधा तीस-चाळीस वर्षे वापरायचा आहे. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात २५ वर्षे टिकलेले खुबे सुमारे ५८ टक्के आढळले. ही माहिती मुख्यतः परदेशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतून मिळाली.

त्या नोंदवह्या हा माझ्या म्हणण्याचा गाभा. स्वीडनने १९७९ मध्ये प्रत्येक बदललेल्या खुब्याची राष्ट्रीय नोंद सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. प्रत्येक सांध्याचा प्रकार, तारीख, रुग्णालय, आणि तो पुन्हा काढावा लागला तर तेही. चार्नलींनी एका रुग्णालयात जे केले ते येथे राष्ट्राच्या पातळीवर झाले.

नोंद नसेल तर काय होते याचे उदाहरण दूर शोधायला नको. नॉर्विचचे केनेथ मॅकी १९५० च्या दशकापासून धातूवर धातू घासणारे सांधे बसवत. त्यांतले बरेच सैल झाले आणि १९७० च्या दशकात ती पद्धत मागे पडली. पण त्यांतले काही वीस-वीस वर्षे टिकले. टिकलेल्या सांध्यांकडे पाहून १९९० च्या दशकात धातूवर धातू ही कल्पना पुन्हा उचलली गेली. जे किल्ले आज उभे आहेत त्यांवरून सर्वच किल्ले भक्कम होते असे म्हणावे, तशातला हा प्रकार. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर हा त्याच लाटेतला सांधा. त्याची वाटी उथळ होती, कडेवर भार येई, कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून आसपासच्या ऊती नासत आणि रक्तात धातू उतरत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हा सांधा इतरांपेक्षा लवकर काढावा लागतो हे आधी दिसले. डिसेंबर २००९ मध्ये तो तेथील बाजारातून गेला, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोवर जगात सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात तो पोहोचला होता.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलीस तक्रारही नोंदवली. केंद्राने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला तेव्हा यांपैकी हजाराच्या आसपास रुग्णांचाच माग लागला होता. उरलेली साडेतीन हजारांहून अधिक माणसे कोठे आहेत, त्यांना आपल्या खुब्यात काय आहे हे ठाऊक आहे का, याचे उत्तर कोणाच्या दफ्तरात नव्हते. पुढे भरपाईचे सूत्र ठरले, ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या जवळपास. पण भरपाई ज्याला द्यायची तो माणूसच कागदावर नसेल तर सूत्राचा उपयोग काय?

यावर एक आक्षेप रास्त आहे. नोंदवही हानी झाल्यावरच बोलते. ऑस्ट्रेलियातही आधी माणसे दुखावली, मग आकडे बोलले. शिवाय सांधा काढावा लागला एवढेच तिला कळते. काढला नाही पण रोज दुखतो, हे तिला बहुधा कळत नाही, आणि पंगतीतल्या आजीची लाज तर तिला कधीच कळणार नाही. मान्य. पण टेफ्लॉनच्या ३०० रुग्णांना परत येण्याची जागा होती, आणि आपल्या साडेतीन हजारांना निरोप पाठवायला पत्तासुद्धा नव्हता. हा फरक मला लहान वाटत नाही. आपल्याकडे सांधेरोपण सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. मला ती कायद्याने सक्तीची हवी.

तोवर एक कागद तुमच्या हातात आहे. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टराने आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. सांधा वीस वर्षांचा, कागद तीन वर्षांचे. मागितल्यास ७२ तासांत ते द्यावे लागतात. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात उत्पादक, प्रकार आणि खेपेचा क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते, आणि ती रुग्णाच्या फाईलमध्ये लावायची असते. तुमच्या घरात कोणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर आज ती फाईल काढून पाहा, चिकटपट्टी सापडली तर तिचे छायाचित्र काढून ठेवा. सापडली नाही आणि तीन वर्षे उलटलेली नसतील, तर उद्याच लेखी अर्ज द्या.